पहिल्या उड्डाणाची माणसे

१/
जत तालुक्यातला विद्यार्थी अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी सांगलीला निघाला, की विश्रामबागेतल्या वालचंद महाविद्यालयाचे नाव त्याच्या कानावर हमखास पडते. धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये सुरू केलेल्या या महाविद्यालयाला १९५५ मध्ये वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. हेच वालचंद भारतातल्या पहिल्या विमान कारखान्याचेही संस्थापक. त्या कारखान्याच्या धावपट्टीवरून ज्यांनी कधीही न उडालेली विमाने प्रथम आकाशात नेली, त्यांची नावे मात्र महाराष्ट्रात क्वचितच कोणाला ठाऊक असतात. ही कथा त्या चाचणी वैमानिकांची आहे.

२/
सोलापूर आणि गडहिंग्लज यांना जोडणारी सरळ रेघ नकाशावर ओढली, तर ती जवळजवळ जतवरूनच जाते. १९४० च्या सुमारास ही रेघ तीन राजवटी ओलांडत असे. सोलापूर ब्रिटिश मुलखात, जत डफळ्यांच्या संस्थानात आणि गडहिंग्लज कोल्हापूर संस्थानात. जतकरांना आगगाडी गाठायची तरी गावापासून लांबच्या ‘जत रोड’ स्थानकापर्यंत जावे लागे; विमान ही तर ऐकीव गोष्ट. तरीही भारतीय विमाननिर्मितीची पायाभरणी करणारी दोन माणसे याच रेघेच्या दोन टोकांना जन्मली. वालचंद हिराचंद २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, आणि विष्णू माधव घाटगे २४ ऑक्टोबर १९०८ रोजी गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू या खेड्यात.

३/
घाटगे यांच्या जन्माच्या आठच दिवस आधी, १६ ऑक्टोबर १९०८ रोजी, इंग्लंडमधील फार्नबरोच्या मैदानावर सॅम्युएल कोडी या मूळच्या अमेरिकी माणसाने ब्रिटनच्या भूमीवरील पहिले यंत्रचलित विमानोड्डाण केले. कोडी स्वतःच विमानाचा आराखडा करी, स्वतःच ते बांधी आणि स्वतःच उडवी. ७ ऑगस्ट १९१३ रोजी तो मरण पावला, तेही स्वतः बांधलेल्या विमानातच. विमानविद्येच्या त्या बाल्यावस्थेत कल्पना करणारा आणि तिची जोखीम अंगावर घेणारा एकच असे. चूक ज्याची, मरणही त्याचेच.

४/
पुढे विमाने गुंतागुंतीची झाली आणि हे काम दोघांत वाटले गेले. एक माणूस मेजावर बसून गणित मांडू लागला, दुसरा ते गणित हवेत खरे ठरते का हे पाहू लागला. या वाटणीचा परिणाम केवळ कामावर झाला नाही, स्मृतीवरही झाला. विमानाला नाव मिळाले, कारखान्याला संस्थापक मिळाला, आराखड्याला जनक मिळाला. पहिल्या दिवशी एकट्याने कॉकपिटमध्ये बसलेला माणूस मात्र तळटीपेत गेला. चाचणी वैमानिकांच्या विस्मरणाचे मूळ या वाटणीत आहे.

५/
फार्नबरो हे पुढे ब्रिटिश विमानसंशोधनाचे सरकारी केंद्र बनले. दुसऱ्या महायुद्धात नवनव्या विमानांच्या चाचण्यांत इतके वैमानिक दगावू लागले, की केवळ धाडसी आणि कुशल वैमानिक या कामाला पुरत नाही, हे ब्रिटिशांना मान्य करावे लागले. १९४३ मध्ये बॉस्कम डाउन येथे चाचणी वैमानिकांसाठी खास शाळा निघाली. तिलाच पुढे ‘एम्पायर टेस्ट पायलट्स स्कूल’ म्हणू लागले. १९४७ मध्ये ती फार्नबरोला आली आणि १९६८ पर्यंत तिथेच राहिली. वैमानिकाला वायुगतिशास्त्र, मोजमाप आणि अहवाललेखन शिकवणारी ही शाळा. शिकावे ते चाचणीसाठी आणि चाचणी घ्यावी ती शिकण्यासाठी, अशा अर्थाचे तिचे ब्रीद होते.

६/
या विद्येची किंमत त्या काळी किती होती, याची साक्ष डी हॅविलंड हे एकच घराणे देते. विमान कारखानदार सर जेफ्री डी हॅविलंड यांचा मुलगा जॉन १९४३ मध्ये दोन मॉस्किटो विमानांच्या हवेतल्या टकरीत गेला. थोरला मुलगा जेफ्री हा कंपनीचा मुख्य चाचणी वैमानिक. २७ सप्टेंबर १९४६ रोजी ध्वनीच्या वेगाच्या जवळ जाणारे डीएच १०८ हे विमान हवेतच फुटून तोही गेला. ६ सप्टेंबर १९५२ रोजी फार्नबरोच्या हवाई प्रदर्शनात जॉन डेरी यांचे डीएच ११० हे विमान प्रेक्षकांसमोरच तुटले. डेरी, त्यांचे सहकारी टोनी रिचर्ड्‌स आणि २९ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. धावपट्टी मोकळी होताच नेव्हिल ड्यूक यांनी ठरल्याप्रमाणे आपले हंटर विमान आकाशात नेले. त्या काळच्या या पेशाची रीत अशी होती.

७/
आता भारताकडे. १९३९ मध्ये प्रशांत महासागरावरून प्रवास करताना वालचंदांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी पडली. पॉली यांनी चीनमध्ये विमान कारखाना चालवला होता. त्या गाठीतून भारतात विमाने बांधण्याची कल्पना निघाली. ब्रिटिश सरकार प्रथम उदासीन होते. म्हैसूर संस्थान आणि त्याचे दिवाण सर मिर्झा इस्माईल मात्र पुढे आले. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेड’ची नोंदणी झाली. जमीन म्हैसूरची, उद्योजक सोलापूरचा, यंत्रज्ञ अमेरिकी आणि छत्र ब्रिटिश साम्राज्याचे, असा तो संकर होता.

८/
कारखान्याच्या शेजारीच धावपट्टी तयार झाली. १९४१ मध्ये हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान तिथे जुळवून उडवले गेले. जपान ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपल्यावर १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. पुढच्याच वर्षी तो अमेरिकी हवाई दलाच्या हाती गेला आणि पूर्वेकडील युद्धात झिजलेल्या विमानांच्या दुरुस्तीचे मोठे ठाणे बनला. युद्ध संपले तेव्हा भारताकडे विस्तीर्ण धावपट्टी, हत्यारे आणि हजारो कसबी कारागीर होते. नव्हते ते एवढेच : स्वतःच्या आराखड्याचे विमान, आणि ते पहिल्यांदा उडवून पाहण्याची परंपरा.

९/
आराखड्याची उणीव भरून काढायला घाटगे तयारच होते. त्यांनी जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठात लुडविग प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली होती. प्रांट्ल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनकच. हसूरचंपूचा हा विद्यार्थी मायदेशी परतला, बंगळूरच्या कारखान्यात दाखल झाला, युद्धकाळात त्याने दहा आसनी ग्लायडरचा आराखडा केला आणि १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत सुरू झालेल्या विमानविद्या विभागाचा पायाही घातला. स्वातंत्र्यानंतर त्यांच्याकडे आलेले मोठे काम होते प्रशिक्षण विमानाचे. त्या विमानाचे नाव एचटी-२.

१०/
५ ऑगस्ट १९५१. बंगळूरच्या धावपट्टीवर दोन आसनांचे, एका पंख्याचे, छोटेसे विमान उभे होते. कॉकपिटमध्ये होते कारखान्याचे मुख्य चाचणी वैमानिक कॅप्टन जमशेद मुन्शी. घाटगे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदावर मांडलेले प्रत्येक गणित त्या दिवशी मुन्शींच्या हातापायांखाली होते. विमान उडाले आणि नीट उतरले. एचटी-२ हे भारतीय आराखड्याचे, मालिकेने उत्पादन झालेले पहिले विमान ठरले. १७० हून अधिक विमाने बांधली गेली, त्यांपैकी १२ घानाच्या हवाई दलाला गेली, आणि भारतीय हवाई दलाच्या कित्येक पिढ्यांनी उड्डाणाचे पहिले धडे या विमानावर गिरवले.

११/
प्रशिक्षण विमानाची चाचणी सोपी असते, असा समज होऊ शकतो. वास्तव उलटे आहे. लढाऊ विमान जाणत्याच्या हाती जाते. प्रशिक्षण विमान अजाणत्याच्या. नवशिका नाक फार वर उचलील, वेग मरू देईल. मग पंखांवरची हवेची धार तुटून विमान एका अंगाला कलंडेल आणि गिरक्या घेत खाली येऊ लागेल. विद्यार्थ्याच्या हातून चुकून घडणारी ही गोष्ट चाचणी वैमानिकाला मुद्दाम घडवावी लागते. डावीकडून, उजवीकडून, वजन पुढे ठेवून, वजन मागे ठेवून. किती गिरक्यांनंतर विमान सावरते, कोणत्या क्रमाने नियंत्रणे फिरवली तर सावरते, आणि केव्हा सावरत नाही, हे त्याला मोजून आणायचे असते. यातला शेवटचा प्रश्न पाठीवर पॅराशूट बांधून विचारावा लागतो.

१२/
चाचणीची शिस्तही समजून घेण्यासारखी आहे. वैमानिकाच्या मांडीवर बांधलेल्या पाटीवर त्या दिवशीच्या उड्डाणाचा कागद असतो. किती उंची, किती वेग, कोणती कृती, कोणते आकडे टिपायचे, सारे आधी ठरलेले. कालच्या उड्डाणात जिथवर गेले, त्याच्या थोडेच पुढे आज जायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. उतरल्यावर ताजेपणीच अहवाल लिहायचा, आणि त्यात ‘विमान छान आहे’ असे शब्द चालत नाहीत. दांडा किती जड लागतो, प्रतिसाद किती उशिरा येतो, हे आकड्यांत मांडावे लागते. पुढे १९६९ मध्ये कूपर आणि हार्पर या दोघा अमेरिकी तज्ज्ञांनी विमानाच्या हाताळणीला १ ते १० गुण देण्याची पद्धत घालून दिली. ती आजही जगभर वापरतात.

१३/
ही शिस्त भारतात रुजवणाऱ्यांत अग्रणी होते सुरंजन दास. जन्म १९२० चा. वडील सुधीरंजन दास पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. मुलाने न्यायालयाची नव्हे, आकाशाची वाट धरली. हवाई दलात दाखल झालेल्या दासांची निवड फार्नबरोच्या त्याच चाचणी वैमानिक शाळेसाठी झाली. डी हॅविलंड आणि डेरी यांच्या पिढीने जी विद्या रक्त सांडून मिळवली, ती शिकून हा तरुण बंगळूरला परतला. साम्राज्य गेले होते. साम्राज्याच्या नावाने चालणाऱ्या शाळेतली विद्या आता स्वतंत्र देशाच्या कामी येणार होती.

१४/
१९५६ मध्ये भारताने स्वनातीत लढाऊ विमान बांधण्याचे ठरवले. त्यासाठी जर्मन अभियंता कुर्ट टँक बंगळूरला आले. महायुद्धातील फॉकवुल्फ १९० हे गाजलेले विमान त्यांचे. युद्धानंतर त्यांनी अर्जेंटिनात जेट विमानांवर काम केले होते. नव्या विमानाचे नाव ठरले एचएफ-२४ मारुत. भारतात तेव्हा स्वनातीत वायुबोगदा नव्हता, संगणकांचे साहाय्य नव्हते. म्हणून टँक यांच्या चमूने मारुतच्याच आकाराचे आणि मापाचे लाकडी ग्लायडर बनवले. १९५९ मध्ये डाकोटा विमानाने ते ओढत उंचावर न्यायचे आणि दोर सोडून द्यायचा, असा प्रयोग सुरू झाला. इंजिन नसलेल्या त्या लाकडी सांगाड्यात बसून दासांनी मारुतचा स्वभाव आधीच ओळखून घेतला.

१५/
१७ जून १९६१ रोजी बंगळूरच्या धावपट्टीवरून खऱ्या मारुतने पहिले उड्डाण केले. वैमानिक अर्थातच सुरंजन दास. आठवड्याभराने, २४ जूनला, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या उपस्थितीत औपचारिक उड्डाण झाले. स्वतंत्र होऊन चौदा वर्षेही न झालेल्या देशात तयार झालेले हे जेट लढाऊ विमान होते. वर्तमानपत्रांनी विमानाची छायाचित्रे छापली. चाचणीचे खरे काम मात्र त्यानंतर सुरू झाले, आणि ते वर्षानुवर्षे चालले.

१६/
मारुतचे दुर्दैव त्याच्या इंजिनात होते. ज्या ताकदीच्या ब्रिटिश ऑर्फियस इंजिनावर आराखडा बेतला होता, त्याच्या विकासाचा खर्च भारताने उचलावा, अशी मागणी आली आणि दिल्लीने ती नाकारली. अखेर कमी ताकदीची दोन ऑर्फियस ७०३ इंजिने बसवावी लागली. प्रत्येकाचा रेटा सुमारे २,२०० किलो. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे स्वप्न पाहिलेले विमान ध्वनीच्या वेगाशीच अडले. दासांसारख्या वैमानिकांच्या हाती आता एक विलक्षण पेच आला : शरीर उत्तम आणि प्राण अपुरा. चांगल्या विमानाचे गुण आणि अपुऱ्या इंजिनाचे दोष वेगवेगळे करून सांगणे ही त्यांची जबाबदारी होती.

१७/
इंजिनाचा शोध थेट इजिप्तपर्यंत गेला. तिथे हेलवान येथे ऑस्ट्रियन अभियंता फर्डिनांड ब्रांडनर ई-३०० हे इंजिन तयार करत होते, आणि मेसरश्मिट यांच्या आराखड्यावरून एचए-३०० हे लढाऊ विमान बनत होते. ७ मार्च १९६४ रोजी त्या विमानाचे पहिले उड्डाण करणारा वैमानिक भारतीय होता : कपिल भार्गव. पुढे एक मारुत इजिप्तला पाठवून त्यात ते इंजिन बसवूनही पाहिले गेले. १९६९ मध्ये इजिप्तचा विमानप्रकल्प गुंडाळला गेला आणि मारुतचा हाही दरवाजा बंद झाला. परक्या देशाचे पहिले लढाऊ जेट प्रथम उडवणारा भारतीय वैमानिक आज किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे?

१८/
त्याच वर्षी, ४ सप्टेंबर १९६४ रोजी, बंगळूरला आणखी एक पहिले उड्डाण झाले. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या आराखड्याचे ‘किरण’ हे जेट प्रशिक्षण विमान सुरंजन दासांनी आकाशात नेले. गडहिंग्लजच्या मातीतला अभियंता आणि बंगाली वैमानिक यांच्या कामाचा हा संयोग दीर्घायुषी ठरला. किरणने अनेक दशके लढाऊ वैमानिक घडवले. १९९६ मध्ये हवाई दलाचे ‘सूर्यकिरण’ कसरतपथक स्थापन झाले, तेही याच विमानावर. १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली.

१९/
मारुतची ताकद वाढवण्याचा प्रयत्न दरम्यान चालूच होता. बंगळूरच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेने ऑर्फियस इंजिनासाठी आफ्टरबर्नर तयार केला, म्हणजे बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत पुन्हा इंधन जाळून जादा रेटा मिळवण्याची सोय. ती बसवलेल्या मारुतच्या चाचण्या सुरू होत्या. १० जानेवारी १९७० रोजी असेच एक विमान घेऊन दास धावपट्टीवरून उडाले आणि काही क्षणांतच विमान कोसळले. ग्लायडरपासून मारुतला ओळखणारा, त्याचे पहिले उड्डाण करणारा माणूस मारुतमध्येच गेला. वय पन्नाशीच्या आत. त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झाले.

२०/
दासांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत मारुतची परीक्षा युद्धात झाली. डिसेंबर १९७१ मध्ये जोधपूर आणि उत्तरलाईच्या तळांवरून मारुतच्या तुकड्यांनी राजस्थान-सिंध आघाडीवर जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ले केले. एक इंजिन निकामी झाल्यावरही विमाने दुसऱ्याच्या बळावर तळावर परतली. हवाई झुंजीत एकही मारुत गमावले गेले नाही. एकंदर १४७ मारुत बांधली गेली आणि १९९० पर्यंत ती सेवेतून गेली. इंजिनावाचून अपुरे राहिलेले विमान, असे त्याचे वर्णन इतिहासात होते. ते खरेच आहे. पण त्या विमानाची जमेची बाजू, म्हणजे कमी उंचीवर वेगात असतानाही स्थिर राहणे, हे लढणाऱ्या वैमानिकांना आधीच माहीत होते, कारण कोणी तरी ते आधी उडवून लिहून ठेवले होते.

२१/
परदेशी शाळेवरचे अवलंबन पुढे कमी झाले. १९७० च्या दशकात भारतीय हवाई दलाने बंगळूरच्या याच विमानतळावर आपली चाचणी संस्था आणि चाचणी वैमानिकांची शाळा उभी केली. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी तेजसचा पहिला नमुना इथूनच उडवला. उड्डाण अवघ्या १८ मिनिटांचे. जमिनीवर शेकडो आकडे त्या क्षणीच पडद्यांवर उमटत होते आणि अभियंते वैमानिकाशी बोलत होते. १९५१ मध्ये मुन्शी एकटे होते. २००१ मध्ये कोठियालांच्या मागे अख्खी खोली होती. तेजसच्या विकासकाळातल्या हजारो चाचणी-उड्डाणांत एकही नमुना विमान कोसळले नाही. दासांच्या पिढीने मोजलेल्या किमतीचा हा परतावा म्हणता येईल.

२२/
धोका मात्र संपलेला नाही. ६ मार्च २००९ रोजी ‘सारस’ या भारतीय प्रवासी विमानाचा दुसरा नमुना बंगळूरजवळ बिडदी येथे कोसळला. हवेत एक इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्याची चाचणी चालू होती. विंग कमांडर प्रवीण कोटेकोप्पा, विंग कमांडर दीपेश शहा आणि चाचणी अभियंता स्क्वाड्रन लीडर इलयाराजा हे तिघे गेले. इंजिन पुन्हा सुरू करण्यासाठी ठरवून दिलेली पद्धतच सदोष होती, असे चौकशीत निघाले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी सुधारित मिराज २००० ची चाचणी घेताना स्क्वाड्रन लीडर समीर अब्रोल आणि सिद्धार्थ नेगी बंगळूरच्या धावपट्टीलगत मृत्युमुखी पडले. कागदावरची चूक अजूनही आधी वैमानिकापर्यंत पोहोचते.

२३/
महाराष्ट्रापुरते पाहिले तर या परंपरेचा एक धागा नाशिकजवळच्या ओझरला जातो. १९६४ मध्ये तिथे मिग विमानांचा कारखाना मंजूर झाला. तिथून बाहेर पडणारे प्रत्येक विमान हवाई दलाच्या हाती जाण्यापूर्वी चाचणी वैमानिक उडवून पाहतो. अंतराळवीर राकेश शर्मा यांनीही हवाई दलातून निवृत्त झाल्यावर काही वर्षे ओझरला मुख्य चाचणी वैमानिक म्हणून काम केले. त्यांचे नाव घेताना हा भाग सहसा कोणाला आठवत नाही. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये बांधलेले पहिले तेजस मार्क १ए ओझरच्या धावपट्टीवरून उडाले. वालचंदांनी बंगळूरला नेलेले स्वप्न पंच्याऐंशी वर्षांनी मराठी मुलखात असे प्रत्यक्ष उतरले.

२४/
दुसरा धागा नागपूरचा. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडच्या धावपट्टीवर प्रवासी विमानाला झालेल्या अपघातात कॅप्टन दीपक साठे गेले. बातम्यांतून महाराष्ट्राला ते प्रवासी विमानाचे कप्तान म्हणून कळले. हवाई दल प्रबोधिनीतून मानाची तलवार मिळवून बाहेर पडलेला हा लढाऊ वैमानिक हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिकही होता. आयुष्यातला तो कालखंड बातमीतल्या एका वाक्यात मावला. मराठी माणूस या पेशात होता, हे मराठी वाचकाला त्याच्या मृत्यूनंतर समजावे, यात विस्मरणाची सारी रीत दिसते.

२५/
बंगळूरच्या या विमानतळावरून २००८ च्या मे महिन्यापर्यंत प्रवासी विमाने उडत होती. देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाल्यावर तो जुना ठरला. चाचण्यांचे काम मात्र तिथे चालूच आहे. जवळच एक गजबजलेला रस्ता सुरंजन दासांच्या नावाचा आहे. जुन्या विमानतळ रस्त्यावर हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे संग्रहालय आहे, तिथे एचटी-२, किरण आणि मारुत पाहता येतात. एक मारुत मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभे आहे, तर एक जर्मनीत म्युनिकजवळच्या संग्रहालयात. विमानाशेजारच्या फलकावर वेग, वजन आणि रेटा असतो. पहिल्या दिवशी त्यात कोण बसले होते, हे शोधायला आणखी थोडे वाचावे लागते.

२६/
चाचणी वैमानिकाचे खरे स्मारक दगडाचे नसते, कागदाचे असते. प्रत्येक विमानासोबत वैमानिकासाठी एक पुस्तिका येते. या वेगाच्या पुढे जाऊ नये, या उंचीखाली गिरकीचा सराव करू नये, गिरकीत सापडल्यास आधी हे करावे, मग ते. त्यातली प्रत्येक मर्यादा कोणी तरी प्रत्यक्ष गाठून पाहिलेली असते. किरणमध्ये प्रथमच एकट्याने बसलेल्या असंख्य विद्यार्थ्यांपैकी ज्यांचे विमान कधी ना कधी गिरकीत गेले, त्यांनी पुस्तिकेतला तो क्रम आठवला, नियंत्रणे तशी फिरवली आणि विमान सावरले. उतरल्यावर त्यांनी प्रशिक्षकाला तो प्रसंग सांगितला असेल, रात्री घरी पत्र लिहिले असेल. त्या पानावर लिहिणाऱ्याचे नाव छापलेले नव्हते.